पांढऱ्या बायांची म्होरकी

खर्डी स्टेशनातून रिक्षाने डांबर संपेपर्यंत गेलं की पुढची वाट पायी चढावी लागते. वर टेकडीला टेकून एक पाडा आहे. तिथल्या लहानीचं नाव लहानी असलं तरी तिच्या घरात ती थोरली. नवरा बुधू मोठा, शाम तिचा धाकटा दीर, आणि शामची बायको प्रेमा. दोन चुली आणि मध्ये भिंत म्हणून कारवीच्या काड्यांचा एक कूड. एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात कळे, आणि बोलणंही.

लहानीचं माहेर मुरबाडच्या अंगाला, माळशेजच्या पायथ्याशी. लग्न होऊन आली तेव्हा इथल्या बाया तिच्या बोलण्याला हसत. तिने कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. पण त्या वर्षी भाताची रोपं लावताना तिने चिखलात वाकल्या वाकल्या आवाज सोडला, आणि हसणाऱ्या बायाच तिच्या मागे गाणं म्हणू लागल्या. आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा खरखरीत, पण चार बांध ओलांडून जाई. लहानी लावायला आली की शेत लवकर उरकतं असं शेतवाले म्हणत. खर्डीच्या बाजारात ती रानभाजी घेऊन बसे तेव्हा गिऱ्हाईक आधी आवाजाकडे वळे आणि मग भाजीकडे.

तिची खरी ओळख मात्र गौरीच्या फेराची. तेरड्याची गौर घरात आली की पाड्यातल्या बाया समाजमंदिरापुढच्या अंगणात फेर धरतात. एकमेकींच्या कमरेला हात घालून साखळी होते, आणि साखळीच्या पहिल्या बाईला म्होरकी म्हणतात. म्होरकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. म्होरकी वळली की फेर वळतो, तिने पाय आवरला की तो मंदावतो. लहानीच्या आधी तिची सासू म्होरकी होती. एका वर्षी ऐन गाण्यात सासूचा घसा बसला. सासूने लहानीला मनगटाला धरून पुढे ओढलं आणि आपण बाजूला झाली. तेव्हापासून पाड्यात सरपंच बदलले, पोलीस पाटील बदलले, म्होरकी बदलली नाही.

कामाला वाघीण, अडल्यानडल्याला धावणारी, अशी ही बाई. पण एक खोड होती. दुसरीचं कौतुक तिला सोसत नसे. शेजारच्या बारकीच्या पोरीला कुणी गोरी म्हटलं की लहानी तिच्या सर्दीची चौकशी करी. प्रेमाच्या भाकरीला कुणी चांगलं म्हटलं, तर लहानी पिठाचं कौतुक करी.

प्रेमाचा तसा दोष काहीच नव्हता, आणि तेच लहानीला टोचत असे. प्रेमा सापगावकडची, दहावी पास. खालच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला मदतनीस होती. आवाज बारीक, बोलणं कमी. थोरल्या जावेला वयनी म्हणून मान देई, पाणी भरायला आधी जागा देई. भांडायला कारण देत नाही अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तर झालं असं. आश्रमशाळेत संजीवनी मॅडम म्हणून बाई आहेत, शहापूरला राहतात. स्नेहसंमेलनाला नाच बसवायचा होता म्हणून त्यांनी एका शनिवारी मुलींना पडद्यावर एक नाच दाखवला. परदेशातला बॅले. कुठल्याशा मोठ्या नाट्यगृहात रंगमंचावर झालेला, आणि तिथेच कॅमेरे लावून अख्खा टिपलेला. एक शब्द न बोलता, नुसत्या नाचातून सांगितलेली प्रेमकथा. प्रेमा भाताचं पातेलं उतरवून दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत तिथेच.

दुसऱ्या दिवशी नळावर प्रेमा बोलू लागली. एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी बाई, पण त्या दिवशी हंडा भरून वाहिला तरी तिला भान नव्हतं.

"बोटांच्या टोकावर नाचतात गो त्या. सगळ्या पांढऱ्या. धुकं असतं आणि त्याच्यातून एक एक निघते. पायांचा आवाजच नाय."

"म्हंजे भुतं?" बारकीने विचारलं.

"मेलेल्याच असतात. पण भ्या नाय वाटत. रडू येतं."

बाया घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. लहानीची घागर भरली होती, पण ती उचलायला हात लावायला कुणी पुढे येईना.

"बोटांवर नाचायचं तर देवानं टाचा कशाला दिल्यात?" लहानी म्हणाली.

बाया हसल्या. पण हसून झाल्यावर त्या पुन्हा प्रेमाकडे वळल्या. "मग गो? पुढं काय झालं?" असं नळावर आजवर फक्त लहानीलाच विचारलं जाई.

आठ दिवस पाड्यात तोच विषय. शेवटी बायांनीच प्रेमाच्या मागे लागून मॅडमना निरोप धाडला, आणि गणपतीच्या आधीच्या रविवारी दुपारी मॅडम प्रोजेक्टर घेऊन वर आल्या. शामने समाजमंदिराच्या खिडक्यांना निळं मेणकापड बांधलं. लहानी सकाळपासून सांगत होती की तिला रानात जायचं आहे, गवत कापायचं राहिलंय, असले पोरखेळ बघायला वेळ कुणाला आहे.

"मग जा ना," बुधू म्हणाला. तो दारात बसून विळ्याला धार लावत होता.

"जातेच हाय."

"विळा हा घे. आणि समाजमंदिराच्या वाटेनं जाऊ नको, तिकडून रान लांब पडतं."

लहानी समाजमंदिराच्या वाटेनेच गेली. आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, विळा कमरेला तसाच. पुढे चटईवर प्रेमा बसली होती आणि तिच्याभोवती बाया, पोरीबाळी. प्रेमा म्हणजे जणू घरची यजमानीण. काय येणार ते तिला आधीच ठाऊक. "आता बघा," ती म्हणे, आणि सगळ्या बघत.

गोष्ट सोपी होती. डोंगरातला एक तरुण, कोळसे पाडणारा. त्याच्या भट्ट्या दिसल्या तेव्हा बायांनी एकमेकींना कोपरं मारली, कारण कोळशाच्या भट्ट्यांवर त्यांचे आजे-पणजे राबले होते. पण त्याच्या पायांतलं ते अंगाला चिकटलेलं वस्त्र बघून बारकी म्हणाली, "गो बाय, याचा पायजमा धुण्यात आटला काय?" मॅडमसुद्धा हसल्या. त्या तरुणाचं एका मुलीशी ठरलेलं. तो घाट ओलांडून कामाला जातो आणि परतायचं विसरतो. ती रोज संध्याकाळी घाटावर चढून वाट बघते. बर्फ पडतं आणि ती तिथेच संपते. त्या मुलीचा नाच असा होता की पडताना तिने आधी गुडघे टेकले की आधी मान टाकली ते कळलंच नाही. पोरींनी डोळे पुसले. लहानीचाही पदर डोळ्यांकडे गेला, पण हे सगळं प्रेमाने दाखवलेलं, म्हणून तिने तो परत कमरेला खोचला.

मग दुसरा भाग. धुकं. वाट बघता बघता मेलेल्या सगळ्या मुली घाटावर जमलेल्या, पांढऱ्या घेरदार झग्यांत, सगळ्या सारख्या. तो तरुण परत येतो आणि त्याला तिला ओळखायचं असतं. उजाडायच्या आत ओळखली तर ती त्याची, नाहीतर तो कायमचा एकटा. तो रांगेतल्या एकेकीपुढे थांबतो. चटईवरून बाया त्याला वाट दाखवू लागल्या.

"ती नाय रे, पुढची."

"अरे मागं वळ. मागं."

"मेल्याला लग्न ठरवताना तोंड बघायला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं."

लहानीला त्या मुलीशी आता देणंघेणं नव्हतं. ती वेगळंच शोधत होती. इतक्या बाया एका वेळी वळतात, एका वेळी हात उचलतात, साखळी करून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जातात. मग त्यांना वळवते कोण? तिने पहिलीकडे बघितलं. पहिली तर पुढच्या वळणाला शेवटची झाली. मधल्या एका उंच बाईवर तिने डोळा ठेवला, आणि ती उंच बाई बाकीच्यांत मिसळून हरवली. लहानीचा जीव कासावीस झाला. म्होरकी सापडेना.

"अवो मॅडम," तिचा तो जाड आवाज मागून आला तशा सगळ्या माना वळल्या. "यांची म्होरकी कोण?"

मॅडमना आधी कळलं नाही. प्रेमाने समजावून सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "यांना म्होरकी नसते लहानीबाई. सगळ्यांचं सगळं पाठ असतं. एकमेकींचा अंदाज घेत नाचतात."

"म्हंजे एक नसली तरी चालतं?"

"या रांगेतली एखादी नसली तर दुसरी उभी राहते."

प्रेमाचे डोळे पडद्यावरच होते. ती अगदी सहज म्हणाली, "वयनी, आपलाबी फेर असा करता येईल, नाय का?"

पडद्यावर उजाडलं. त्या तरुणाला ओळखता आली नाही. पांढऱ्या बाया धुक्यात गेल्या आणि बायांनी पदर डोळ्यांना लावले. लहानी तेव्हा तिथे नव्हती. ती टेकडीच्या मागे गवत कापत होती, आणि त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा मोठा भारा बांधला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तालीम सुरू झाली. फेराला तालीम ही गोष्टच पाड्यात नवी. प्रेमाने पोरींना घेऊन बेत केला होता की फेर मध्ये दुभंगायचा, दोन रांगा एकमेकींतून जायच्या आणि पुन्हा साखळी व्हायची. तिने लहानीला डावललं नाही. उलट दारात येऊन म्हणाली, "वयनी, ओळ तूच टाक. तुझ्या आवाजाबिगर पाय उचलत नाय."

लहानी गेली. पण दोन रांगा एकमेकींतून जाताना म्होरकी कुठे असते? कुठेच नसते. ती मध्येच कुठेतरी चेंगरलेली असते, बारकीच्या आणि त्या पोरींच्या मध्ये. दोन दिवस तिने सोसलं. तिसऱ्या दिवशी रांगा दुभंगायला आल्या, आणि तिने नेहमीचं गाणं सोडून माहेरचं एक जुनं गाणं काढलं. मुरबाडकडचं, या पाड्यात कुणी न ऐकलेलं, चाल जलद.

गौर चालली माहेरा गो, डोंगर उतरून
डोईला तेरडा फुलला गो, पाय आले भरून
वाटंत आडवी नदी गो, कोण नेईल पलीकडं?

तिसऱ्या ओळीला गोंधळ उडाला. एक रांग थांबली, दुसरी तिच्यावर चढली आणि बारकी तोंडावर आपटली. गाणं तिथेच तुटलं. बारकीने उठून कोपर झटकलं.

"गाणं म्हणतेस का सूड उगवतेस गो?"

"तुमचं सगळं पाठ हाय ना," लहानी म्हणाली, "मग पडता कशाला? त्या पांढऱ्या बाया पडल्या का?"

प्रेमा बारकीच्या कोपराची माती पुसत होती. तिने एकदा वर बघितलं, तेही रागाने नाही. लहानीला राग चालला असता.

"मी नाय येणार यंदा," लहानी म्हणाली आणि घरी आली.

तिचा हिशेब सरळ होता. म्होरकीशिवाय फेर उठत नाही. गौरीच्या बोळवणीच्या दिवशी म्होरकीला घरी येऊन कुंकू लावायचं, हाताला धरून अंगणात न्यायचं, ही पाड्याची रीत. बाया येतील, विनवतील. एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा गप्प राहायचं, तिसऱ्यांदा उठायचं. आणि मग फेर गोलच राहील, पूर्वीसारखा.

बोळवणीच्या दुपारी बाया आल्या. पुढे प्रेमा, हातात कुंकवाची कोयरी. आता पहिल्यांदा नाही म्हणायला काही कारण हवं, म्हणून लहानीने गोधडी ओढून सांगितलं, "अंगात कणकण हाय. ताप भरलाय."

इथेच ती चुकली. दुसरं कुठलंही कारण असतं तर पाड्याने विनवलं असतं. पण तापाच्या बाईला गौरीपुढे नाचायला नेत नाहीत, ते गौरीला चालत नाही आणि बाईलाही भोवतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बायांनी एकमेकींकडे बघितलं. प्रेमाने कोयरी खाली ठेवून जावेच्या कपाळाला हात लावू पाहिला, तर लहानीने गोधडी डोक्यावरून घेतली.

"पडून राहा वयनी," प्रेमा म्हणाली. "मी पेज ठेवते चुलीवर."

आणि खरंच ती पेज ठेवून गेली.

बुधू ओट्यावर होता. थोड्या वेळाने त्याने आत डोकं घातलं. "पेज गरम हाय. ताप खरा असंल तर पी, खोटा असंल तर मला दे."

"तुझा भाऊ ढोल वाजवतोय ना तिकडं? तू का बसलास इथं?"

"ताप आलेल्या बायकूला टाकून गेलो तर गाव काय म्हणंल?" असं म्हणून त्याने पेज स्वतःकडे ओढली.

शामचा ढोल सुरू झाला. लहानीने गोधडीखालून कान टवकारले. आता ओळ कोण टाकतं ते बघू. प्रेमाचा तो चिमणीसारखा आवाज ढोलापुढे टिकायचा नाही. बारकीला चाल येत नाही. म्हातारी जिवली दोन ओळींत धापा टाकते. एकेक बाई तिने मनात उभी केली आणि एकेकीला बसवली.

पण एकटीचा आवाज आलाच नाही. सगळ्यांचा एकदम आला. गौर चालली माहेरा गो, डोंगर उतरून.

लहानी उठून बसली. तेच गाणं. तिने रांगा पाडायला टाकलेलं, एकदाच, आणि तेही अर्धवट. प्रेमाने ते एका ऐकण्यात उचललं होतं आणि पाड्याला शिकवलं होतं. चाल बरोबर. 'पाय आले भरून'वरचा हेलकावासुद्धा बरोबर, जो तिला स्वतःला आईकडून शिकायला अख्खा एक पावसाळा लागला होता. त्या घटकेला लहानीला जावेचा जितका हेवा वाटला तितका उभ्या जन्मात कुणाचा वाटला नव्हता. ना नळावर, ना समाजमंदिरात.

फक्त चौथी ओळ त्यांना ठाऊक नव्हती. 'कोण नेईल पलीकडं'पाशी येऊन गाणं थांबे, ढोल दोन ठोके नुसता वाजे, आणि पुन्हा पहिल्यापासून गौर डोंगर उतरू लागे. एकदा, दोनदा, तीनदा. गौर नदीकाठी उभी ती उभीच.

"ती पलीकडं जात कशी नाय गो?" बुधूने पेज पिता पिता विचारलं.

लहानीने गोधडी फेकली, पदर खोचला आणि निघाली.

अंगणात फेर रंगात होता. दोन रांगा एकमेकींतून जात होत्या, कुणी पडत नव्हतं, आणि पहिली कोण ते कळायला मार्ग नव्हता. उशिरा येणारीने साखळीच्या शेपटाला लागायचं, मग ती कुणी का असेना. हा नियम लहानीनेच वर्षानुवर्षं पाळायला लावला होता. सरपंचाच्या बायकोलाही तिने एकदा शेपटाला धाडलं होतं. आज लहानी स्वतः मुकाट्याने शेपटाला गेली. तिच्या पुढच्या पोरीने दचकून मागे बघितलं आणि कमरेवरचा हात सैल करून तिला जागा दिली.

फेर फिरला. तिसरी ओळ आली. कोण नेईल पलीकडं? प्रेमाने चालता चालता मान वळवून तिच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्यांना कळलं होतं की पुढची ओळ हिच्यापाशी आहे.

ओळ तिच्या ओठांवर होती. थोरली जाऊ पुढं गो, तिच्या मागं पलीकडं. आईने शिकवलेली ओळ अशी होती. पुढे उभी राहून ती म्हणता आली असती तर सोनं झालं असतं. शेपटाला उभं राहून 'थोरली जाऊ पुढं' म्हटलं, तर उद्या नळावर बारकी वर्षभर पुरेल एवढी हसेल. लहानीने ओठ मिटले. ढोल दोन ठोके नुसता वाजला आणि फेर पुन्हा पहिल्या ओळीला लागला.

पुढच्या वेळी प्रेमाने मागे बघितलं नाही. 'कोण नेईल पलीकडं' संपलं आणि ढोलाचे ते दोन ठोके पडायच्या आतच तिने आपल्या बारीक आवाजात ओळ टाकली.

आपुन धरू हात गो, साऱ्या मिळून पलीकडं.

तिला ती तिथल्या तिथे सुचली होती. बायांनी एक क्षण ऐकली आणि उचलली. ओळ बसली. चालीत बसली, ढोलात बसली, पायांत बसली. गौर नदी ओलांडून गेली. आता लहानीच्या चौथ्या ओळीवाचून पाड्याचं काही अडणार नव्हतं. ती ओळ जगात फक्त तिच्या एकटीपाशी होती, आणि कुणी मागत नव्हतं.

साखळीत असताना पाय थांबवता येत नाहीत. पुढची ओढते, चालावंच लागतं. आणि पाय चालू लागले की लहानीचं तोंड मिटलेलं राहत नसे, तिची प्रकृतीच तशी. पुढच्या फेरीला तिने प्रेमाची ओळ म्हटली. आधी पुटपुटत. मग तिच्या लक्षात आलं की 'साऱ्या मिळून'वर प्रेमाचा आवाज तोकडा पडतो आणि ओळ ढोलाखाली दबते. पुढच्या फेरीला लहानीने 'साऱ्या' जरा वर उचललं. जास्त नाही, थोडंसं. शेपटाकडच्या चार-पाच पोरींनी तिच्याबरोबर उचललं. त्याच्या पुढच्या फेरीला अर्ध्या फेराने. प्रेमाची ओळ प्रेमाची राहिली, पण पाय आता शेपटाकडून येणाऱ्या आवाजावर पडत होते, आणि शाम मान वाकडी करून त्याच अंगाला कान देऊन ढोल वाजवत होता. लहानीने हे सगळं बघितलं आणि 'साऱ्या' आणखी एक सूर वर नेलं.

फेर वळताना बारकी तिच्या शेजारून गेली. कोपराला हळद लावलेली होती.

"काय गो वयनी, तापात एवढा आवाज?"

"ताप अंगात हाय," लहानी म्हणाली. "गळ्यात नाय."

आणि बारकी पुढे सरकली तशी तिने मान उंच करून साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. बाकी साऱ्यांचे पाय तिच्या आवाजावर होते, फक्त प्रेमाचं उजवं पाऊल अजून कणभर उशिरा पडत होतं.